कमरेला टेकवलेली गाडी

माझ्या धाकट्या भावाला सगळे ट्रायलमामा म्हणतात. त्याचं खरं नाव त्याला तरी आठवतं की नाही कोण जाणे. दवाखान्यात नर्सने त्याला नावाने हाक मारली, तर हा शेजारच्या खाटेकडे बघायला लागला.

मोटरसायकल दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये त्याने छत्तीस वर्षं काढली आणि छत्तीस वर्षांत पाना म्हणून हातात धरला नाही. सांगून कुणाला खरं वाटत नाही. त्याचं काम एकच. फिटर लोकांनी गाडी उघडायची, बांधायची, आणि मग याने ती घेऊन एक फेरी मारून यायची आणि तिचं कुठे दुखतंय ते सांगायचं. फेरीचा रस्ता ठरलेला. फाटकातून बाहेर, शाळेच्या भिंतीला धरून सरळ, बेकरीपाशी डावीकडे, मग माझ्या खिडकीखालचा चढ, वर पाण्याची टाकी, टाकीला वळसा, उतार, दोन स्पीडब्रेकर, की परत फाटक. सात मिनिटं. दिवसाला पंधरा-वीस फेऱ्या. तेवढ्या किलोमीटरमध्ये जगाला वळसा झाला असता, पण हा टाकीच्या पुढे कधी गेला नाही.

परत आला की खरं काम सुरू. गाडीवरून उतरायचं, पण स्टँड लावायचा नाही. स्टँडवर उभी केली की गाडी खोटं बोलते, असं त्याचं म्हणणं. आवाज जमिनीत उतरतो म्हणे. म्हणून डाव्या बाजूला उतरून गाडी उजव्या कमरेला टेकवायची, पोर कडेवर घ्यावं तशी. डोळे मिटायचे. मान टाकीवर वाकवायची. आणि उजव्या हाताने अ‍ॅक्सिलरेटरची मूठ तीनदा पिळायची. एकदा हळू, एकदा मध्यम, एकदा कचकचून. गिअर सुटा असायचा, त्यामुळे गाडी नुसती ओरडायची, हलायची नाही. तिसऱ्या पिळ्यानंतर डोळे उघडून निकाल.

"दुसऱ्या गिअरला रडतेय."

"चेन सैल आहे. परत काढा."

"गाडीला काही झालेलं नाही. चालवणारा वाईट आहे."

हे शेवटचं तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा, आणि थोरले मालक गालातल्या गालात हसायचे. तेव्हाचे मालक वेगळे होते.

त्याच्या सगळ्या पँटी उजव्या कमरेला झिजायच्या. मी आतून ठिगळ लावून द्यायची. मी म्हणजे त्याच्याहून तेरा वर्षांनी मोठी, आईच्या माघारी त्याला मीच वाढवलं, त्यामुळे ठिगळं लावायची मला सवयच होती. त्याचं लग्न झालं होतं. बायको दोन वर्षं राहिली. जाताना मला म्हणाली, "ताई, तुमच्या भावाला शंभर गाड्यांचं दुखणं ऐकू येतं, माझं एकदाही आलं नाही." मी तिला थांब म्हणाले नाही. खरं बोलणाऱ्या माणसाला कसं अडवायचं?

तेव्हापासून तो संध्याकाळचा जेवायला माझ्याकडे. दिवसभर चढावरून जाताना खिडकीखाली गिअर कमी करायचा, तो माझ्यासाठी. आवाज बदलला की मला कळायचं, आला आमचा माणूस. हातातलं काम मी सोडायची नाही, पण कळायचं.

गेल्या वर्षी थोरले मालक गेले आणि सगळा कारभार छोट्या मालकांच्या हातात आला. छोटे मालक गोड माणूस. इतका गोड, की आपल्याला काय नाकारलं ते आपल्याला घरी आल्यावर कळतं. त्यांनी वर्कशॉपच्या पुढच्या भिंती पाडून मोठ्या काचा बसवल्या, फरशी अशी केली की मांजर घसरावं, आणि ठरवलं की आता आपण विजेवरच्या मोटरसायकली विकायच्या आणि त्याच दुरुस्त करायच्या. पेट्रोलचं काम बंद.

भावाने विचारलं, "आणि ट्रायल?"

"मामा, या गाडीला काय झालंय ते गाडीच सांगते. वायर जोडली की सगळं पडद्यावर येतं."

"आणि गाडी खोटं बोलली तर?"

"खोटं बोलायला ती काय माणूस आहे?"

फिटर हसले. जे काल-परवापर्यंत "मामा, जरा ऐकता का हिला" म्हणून मागे लागायचे, तेच. माझा भाऊही हसला. त्याला वाटलं, सगळे हसतायत म्हणजे काहीतरी गमतीचं असणार.

मग छोट्या मालकांनी त्याला केबिनमध्ये बसवून सांगितलं. नव्या शोरूमच्या उद्घाटनाच्या दिवशी पहिली फेरी मामांनी मारायची. सगळा रस्ता मामांना ओळखतो. मी त्याची फिल्म काढतो. मामा म्हणतायत गाडी चांगली, म्हणजे चांगलीच, असं लोकांना वाटेल. फेरी छान झाली तर मामा इथेच राहतील, नव्या गिऱ्हाइकांना ट्रायल द्यायला. आणि नाही झाली, तर, "तुमचं वयही झालंच की मामा. किती राबायचं माणसाने?"

संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या तो म्हणाला, "ताई, एक फेरी आहे. ती बरोबर झाली की मी राहिलो."

"आणि नाही झाली तर?"

"न व्हायला काय झालं? आजवर माझी कुठली फेरी चुकली?"

तसं त्याचं बरोबर होतं. पण जेवताना त्याचा डावा हात टेबलावर उगाच मुठी आवळत होता आणि टेबलाखाली डावा पाय एकसारखा आपटत होता. मी म्हटलं, "काय रे, मुंग्या आल्या का?" तर म्हणाला, "या गाडीला क्लच नाही ताई. गिअरपण नाही. या हाताला आणि या पायाला काही कामच नाही. त्यांना समजावतोय."

शोरूममध्ये एक पोरगी नेमली होती, गिऱ्हाइकांना गाडीची माहिती द्यायला. हुशार, चुणचुणीत. तिने तीन दिवस माझ्या भावाची शिकवणी घेतली. गाडी जागेवर, हा वर बसलेला, पोरगी समोर उभी.

"मामा, हे बटण दाबलं की इथे हिरवा दिवा लागतो. हिरवा दिवा म्हणजे गाडी चालू."

"पण चालू कुठे झाली? आवाज कुठाय?"

"आवाज येतच नाही मामा. दिवा आहे ना, मग चालूच. उतरताना आधी बटण बंद, मग उतरायचं. सांगा बघू परत."

"आधी बटण, मग उतरायचं."

"परत सांगा."

"अगं बाई, मी काय बालवाडीत आहे का?"

एक फिटर मागून म्हणाला, "लिहून घ्या मामा, नाहीतर परीक्षेत नापास व्हाल." माझ्या भावाने त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. घरी येऊन मात्र माझ्या नातीकडून एक कागद मागून घेतला आणि त्यावर लिहिलं, आधी बटण. तो कागद घडी घालून खिशात ठेवला. उद्घाटनाच्या दिवशीही तो कागद त्याच्या खिशात होता. माझ्या हातात दवाखान्यातल्या पिशवीतून आला.

उद्घाटनाला मी गेले. त्यानेच बोलावलं. मी ठेवणीतले कपडे काढले, नातीने केस विंचरून दिले. शोरूमसमोरच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. एका बाजूला लांब टेबल, त्यावर सरबताचे पेले ओळीने. माणसं शंभरभर असतील. मला पुढची खुर्ची मिळाली, ट्रायलमामाची बहीण म्हणून. काय ऐट होती माझी! छोटे मालक स्वतः पेला घेऊन आले. म्हणाले, "आजी, आज तुमचाच दिवस."

गाडी बाहेर आणली. काळी, चकचकीत. भाऊ इस्त्रीच्या शर्टात. पायात मात्र चप्पल तीच जुनी, बुटाने पायाला गाडी कळत नाही म्हणतो. बसला, बटण दाबलं, दिवा बघितला, पोरीकडे बघितलं. पोरीने मान हलवली. आणि गाडी गेली. म्हणजे कशी सांगू? कुणीतरी भिंतीवरची सावली ओढून न्यावी तशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या गाडीपेक्षा मोठ्या.

सात मिनिटं मी दर दोन मिनिटांनी नातीला किती वाजले विचारत होते. त्या सात मिनिटांत काय झालं ते त्याने मला नंतर सांगितलं, दवाखान्यात. ते इथेच सांगते, नाहीतर राहून जाईल.

तो म्हणाला, "ताई, हवेत तरंगल्यासारखं वाटलं गं. हाताला काही नाही, पायाला काही नाही. पहिल्यांदा मला रस्त्याचा आवाज ऐकू आला. चाकाखाली वाळू किरकिरते ते ऐकू आलं. शाळेतली पोरं पाढे म्हणत होती, ते ऐकू आलं. छत्तीस वर्षं त्या भिंतीजवळून जातोय, आत पाढे म्हणतात ते माहीतच नव्हतं."

"मग चांगलंच की."

"आणि बेकरीवाली."

बेकरीवाली म्हणजे वळणावरची. छत्तीस वर्षं ती दुकानाच्या दारातून त्याला हात करायची, हसून काहीतरी बोलायची. हाही हात करायचा. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही. याला वाटायचं, मामा कसे आहात, असं काहीतरी विचारत असेल.

"त्या दिवशी ऐकू आलं," तो म्हणाला. "तसाच हात केला, तशीच हसली, आणि आत नवऱ्याला म्हणाली, 'आला बघा, फुकट फिरणारा.' ताई, रोज हेच म्हणत असेल का गं?"

मी म्हटलं, "छे रे, त्या दिवशीच म्हणाली असेल." पाव मी तिच्याकडूनच आणते. मला काय माहीत नव्हतं? सगळ्या रस्त्याला माहीत होतं.

तर असं ऐकत ऐकत तो चढ चढला, टाकीला वळला, आणि उतारावर त्याला अजून एक गोष्ट ऐकू आली. पुढच्या चाकात काहीतरी घासत होतं. बारीक. मांजराने दाराला नख लावावं तसं. चाकाच्या दर फेऱ्याला एकदा.

फाटकातून आत आला तेव्हा मी उठून उभी राहिले. तोंड बघून कळलं की काहीतरी बिनसलंय. घाबरलेला नव्हता. त्याचं ते निकाल सांगायच्या वेळचं तोंड होतं, मी ओळखते. छोटे मालक फोन रोखून पुढे आले. फिल्म चालू होती.

"बोला मामा! कशी आहे आमची गाडी?"

माझ्या भावाने गाडीवर बसल्या बसल्या सांगितलं, "चांगली आहे. पण पुढचं चाक घासतंय."

छोटे मालक हसले, पण फोनमागून. "मामा, सकाळीच वायर जोडून बघितलीय. शून्य दोष."

"असेल. पण घासतंय."

"मामा, या गाडीला आवाजच नाही, आणि तुम्ही आवाज ऐकलात?"

तेव्हा पहिला हशा झाला. मोठा. पाहुणे हसले, फिटर हसले. तोच फिटर म्हणाला, "मामांच्या कानातच काहीतरी घासतंय." त्यावर अजून हसले. शोरूमची पोरगी मात्र हसली नाही, हे मी बघितलं. ती दिव्याकडे बघत होती.

माझा भाऊ लाल झाला. आयुष्यात त्याला कुणी काहीही म्हटलेलं चालायचं, फुकटा म्हणा, बिनकामाचा म्हणा, पण तू चुकीचं ऐकलंस असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. म्हणाला, "थांबा. ऐकवतो."

आणि उतरला.

आता पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मला तेव्हा कळलं नाही. मी गाड्यांमधलं काय जाणणार? मला तर उलट हायसं वाटलं, की आता हा नेहमीसारखं करणार आणि सगळ्यांची तोंडं बंद होणार. तो डाव्या बाजूला उतरला. गाडी कमरेला टेकवली. पोरगी ओरडली, "मामा, बटण!" पण त्याने डोळे मिटले होते, आणि डोळे मिटले की तो गाडीशिवाय कुणाचं ऐकत नाही. मान वाकवली. हात मुठीवर गेला. छत्तीस वर्षं, दिवसाला पंधरा-वीस फेऱ्या, फेरीला तीन पिळे. त्या हाताला कसली बटणं आणि कसले कागद?

पहिला पिळा, हळू.

गाडी पुढे सरकली. तिला गिअर नाही, सुटं असणं तिला माहीतच नाही. ती सरकली तसा हा तिच्याबरोबर ओढला गेला, आणि ओढल्या जाणाऱ्या हाताने मूठ सोडायची ती आवळली. जितका ओढला गेला तितकी पिळली गेली, जितकी पिळली तितकी गाडी जोरात. आणि आवाज काही नाही. हेच तर सगळं होतं. आवाज असता तर लोक दचकले असते, बाजूला झाले असते, कुणी धावलं असतं. आवाजच नाही, त्यामुळे ते नाटकासारखं दिसलं. एक म्हातारा गाडीला कमरेशी धरून, गुडघे वर उचलत, तुरूतुरू पळतोय. एक चप्पल मागे राहिली. तोंड उघडं, शब्द नाही.

आणि मी हसले.

माझं हसू साधं नाही. माझे यजमान म्हणायचे, कोंबडीने अंडं घातल्याची बातमी तीन घरांना कळते, तू हसलीस की चौथ्या घरालाही कळतं. तसं मी हसले. का हसले ते सांगते, ते सांगितल्याने काही बदलत नाही, पण सांगते. तो पाच वर्षांचा असताना आमच्याकडे एक दांडगी शेळी होती. तिची दोरी याच्या हातात दिली की ती धावायची आणि हा दोरी न सोडता तिच्यामागे असाच पळायचा, गुडघे वर उचलत, तोंड उघडं टाकून. मी दारात उभी राहून पोट धरून हसायची, आणि मग धावत जाऊन त्याला उचलायची. या वेळी हसणं तेवढं झालं. उचलायला जायला माझे गुडघे राहिले नव्हते.

मी हसले म्हणून बाकीचे हसले. असं मी नाही म्हणत, पण फिल्ममध्ये तसंच दिसतं. बहीणच हसतेय म्हटल्यावर लोकांना मोकळीक मिळाली.

गाडी सरबताच्या टेबलावर गेली, टेबल काचेवर गेलं, काच फुटली, आणि गाडी आडवी होऊन त्याच्या डाव्या पायावर पडली. मागचं चाक तरीही फिरतच होतं, त्याची मूठ आवळलेलीच होती. पोरगी धावत गेली आणि तिने बटण दाबलं. हिरवा दिवा गेला. तेव्हा कुठे हसणं थांबलं. तेही सगळ्यांचं एकदम नाही.

पायाची दोन्ही हाडं गेली, गुडघ्याची वाटीही गेली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण गुडघा वळणार नाही. मी विचारलं, "गाडीवर बसता येईल?" डॉक्टर म्हणाले, "मागे बसता येईल, पाय लांब करून." भाऊ छताकडे बघत होता.

दोन दिवसांनी तोच फिटर भेटायला आला. चांगल्या मनाने आला असेल, फळं आणली होती. मला बाहेर जिन्यापाशी बोलावून म्हणाला, "आजी, मामांना सांगू नका. गाडी सरळ करायला घेतली तेव्हा पुढच्या ब्रेकच्या फटीत बारीक खडा सापडला. खरंच घासत होता. छोटे मालक म्हणाले, काढून टाक आणि तोंड बंद ठेव."

"मग मला कशाला सांगतोस?"

"मला झोप येईना."

"आता येईल का?"

तो जिन्यावरून खाली गेला. मी आत जाऊन भावाला सांगून टाकलं. वाटलं, पायाचं काही होवो, कानाचं तरी खरं ठरलं, तेवढंच बरं वाटेल. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "खडा? मला वाटलं ब्रेकचं पॅड असेल." आणि भिंतीकडे तोंड करून पडला. म्हणजे तो आपल्या हिशोबाने तिथेही चुकलाच.

थोड्या वेळाने भिंतीलाच सांगत असल्यासारखा म्हणाला, "आणि पुढच्या चाकाचा आवाज उभ्या गाडीत कसा येणार होता? चाक फिरतंच कुठे तेव्हा? पण सगळे हसले ना ताई. मला सुचलंच नाही."

त्या हशात मी नव्हते, पण पुढच्या हशात मीच पहिली होते.

चौथ्या दिवशी छोटे मालक आले. मला वाटलं, आता हा म्हणणार, मामा, वय झालंच आहे. भावालाही तेच वाटलं असावं, कारण त्याने चादर छातीपर्यंत ओढून घेतली. पण छोटे मालक खाटेवर बसले, त्याचा हात हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने फोन दाखवला.

"मामा, बघा किती लोकांनी बघितलं. आपल्या अख्ख्या शहरात एवढे लोक नाहीत! शोरूमला रीघ लागलीय. सगळे विचारतायत, ते मामा कुठे आहेत?"

मग गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही आमचे आहात. तुम्हाला कसं सोडू? पाय बरा झाला की या. तुमची जागा तुमचीच."

माझा भाऊ रडला. दुखण्याने नव्हता रडला तो. म्हणाला, "बघितलंस ताई? राहिलो ना मी?"

मी त्याच्यासाठी आनंदाने मान हलवली. नातीने घरी मला ती फिल्म दाखवली तेव्हा कळलं लोक काय बघतायत ते. फेरी त्यात नाहीच. चाक घासतंय म्हणाला ते नाही. फक्त गाडी कमरेला टेकवतो तिथपासून काच फुटेपर्यंत, सगळं मिळून पाव मिनिट. आणि त्या सगळ्याच्या वर, स्वच्छ, माझं हसू. नात म्हणाली, "आजी, लोक लिहितायत, मामांपेक्षा ती हसणारी म्हातारी भारी आहे." मी म्हटलं, बंद कर. ती बंद करेपर्यंत ते परत सुरू झालं होतं.

तीन महिन्यांनी तो कामावर गेला. काठी घेऊन, डावा पाय ताठ. कंपनीचा निळा शर्ट दिला, नवी पँट दिली. मी सवयीने पँटला आतून ठिगळ लावायला घेतलं, उजव्या कमरेला, आणि मग सुई ठेवून दिली.

महिनाभर मी शोरूमकडे फिरकले नाही. त्यानेही बोलावलं नाही. संध्याकाळी जेवायला यायचा, चढ पायी चढून, दमून. काय काम असतं विचारलं की म्हणायचा, "सांगायचं काम असतं. गिऱ्हाइकांना." मला वाटलं, चला, बसून काम आहे. मग एके दिवशी बेकरीतून पाव आणायला गेले तर बेकरीवाली हसून म्हणाली, "आजी, तुमचं हसू रोज ऐकते हो, दार उघडं असलं की इथपर्यंत येतं." पाव तिथेच ठेवून मी सरळ शोरूमवर गेले.

आत भिंतीवर मोठा टीव्ही. त्यावर ती फिल्म. संपली की परत सुरू. ट्रायल घ्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी ती दाखवायची, सुरक्षेचा धडा म्हणून, आणि मग मामांनी पुढे होऊन सांगायचं. मामा टीव्हीखाली उभा, त्याच्याकडे पाठ करून. समोर एक गाडी, बंद केलेली. चार-पाच गिऱ्हाइकं, एकाबरोबर एक लहान मुलगी.

फिल्म सुरू झाली. भाऊ समोर बघत उभा होता, दुकानातल्या पुतळ्यासारखा. माझं हसू आलं. तसा तो जागा झाला आणि बोलायला लागला, "मंडळी, ते मी. गाडीवरून उतरायचं तर आधी हे बटण. हिरवा दिवा गेला का ते बघायचं. मगच मुठीला हात लावायचा. आवाज नाही म्हणजे गाडी बंद आहे, असं समजायचं नाही. मी समजलो."

गिऱ्हाइकं हसली. त्यातला एकजण म्हणाला, "मामा, ते पळून दाखवा ना, पोरीला बघायचंय."

मला वाटलं, आता हा काठी घालेल त्याच्या डोक्यात. याने काठी गाडीला टेकवली, उजवा गुडघा वर उचलला आणि ताठ पाय ओढत दोन पावलं टाकली. मुलगी टाळ्या पिटायला लागली.

मी तडक केबिनमध्ये गेले. छोटे मालक उठून उभे राहिले, बसायला खुर्ची दिली. गोड माणूस, सांगितलंच.

मी म्हटलं, "ती फिल्म काढा असं मी म्हणत नाही. तुमचा धंदा आहे. पण त्यातला आवाज बंद करा. माझं हसणं तेवढं काढा."

"आजी, आधी का नाही सांगितलं?" ते म्हणाले. लगेच बाहेर आले आणि टीव्हीचा आवाज स्वतः बंद केला. "झालं?"

मी हात जोडले. वळले तर भाऊ समोर. मी आत आले तेव्हाच त्याने मला बघितलं होतं.

"कशाला आलीस ताई?"

"तुझ्यासाठीच. आवाज बंद करायला सांगितलाय. आता तुला ते ऐकायला लागणार नाही."

त्याने वर टीव्हीकडे बघितलं. फिल्म मुक्यानेच चालू होती. तो कंटाळल्यासारखा म्हणाला, "अगं, मग मला कळणार कसं?"

"काय कळणार कसं?"

"मी पाठ करून उभा असतो ना. वळून वळून बघायला हा पाय वळत नाही. तुझं हसू आलं की मला कळतं, आता पाच मोजायचे आणि बोलायला लागायचं. आधी बोललो तर फिल्मच्या मध्येच बोलतो, उशिरा बोललो तर परत सुरू होते. मग मालक ओरडतात." त्याने आवाज खाली आणला. "ही जागा राहायला हवी ना ताई मला?"

आणि पोरीला हाक मारून म्हणाला, "अगं, आवाज लाव परत."

पोरीने माझ्याकडे बघितलं. तिने आवाज लावला.

दारातून नवी गिऱ्हाइकं आत येत होती. तो काठी टेकत आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला, टीव्हीकडे पाठ करून, मान थोडी कलती करून आणि डोळे मिटून, गाडी ऐकायचा तसा. मी बाहेर पडले, पण फाटकापर्यंत पोहोचायच्या आत मागून माझं हसू आलं. पाठोपाठ मी आपोआप मोजायला लागले. पाचाला त्याचा आवाज आला.

बरोबर पाचाला.